एकच नाव, वेगळा माल: कमी बजेटचा गेमिंग पीसी जुळवताना

जीटी १०३० नावाचं छोटं ग्राफिक्स कार्ड २०१७ साली आलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाचं दुसरं कार्ड बाजारात उतरलं. खोक्यावर नाव तेच, मेमरीही तीच, २ जीबी. फक्त पहिल्यात जीडीडीआर५ जातीची मेमरी होती आणि दुसऱ्यात साधी डीडीआर४. तेवढ्याने मेमरी आणि चिप यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली आला. ज्या गेममध्ये पहिलं कार्ड कसंबसं चालायचं, तिथे दुसरं जागीच रखडायचं.

नवीन माणूस कमी बजेटमध्ये फसतो तो बहुतेक वेळा असाच. त्याने भलताच भाग निवडलेला नसतो. नाव बरोबर असतं, पण नावाखालची बारीक अक्षरं वाचायची राहून जातात. पैसे मोजके असले की अशी एक चूकही पूर्ण मशीनला खाली खेचते. म्हणून या लेखात प्रत्येक भागापाशी मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे: नावाच्या खाली काय लिहिलंय?

सुरुवात गेम आणि मॉनिटरपासून

प्रोसेसर कोणता घ्यावा, हा पहिला प्रश्न नव्हे. एका कागदावर पुढची दोन वर्षं तुम्ही खरोखर खेळणार आहात ते चार-पाच गेम लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये चित्र साधं असतं, पण फ्रेम (दर सेकंदाला बदलणारी चित्रं) भरपूर लागतात. तिथे प्रोसेसर आणि रॅमचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारख्या भव्य, गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. तुमचा कागद कुठल्या बाजूला झुकतो, त्यावरून पैसे कुठे जास्त घालायचे ते ठरतं.

मग मॉनिटर. १९२० बाय १०८० (यालाच १०८०पी म्हणतात) म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. २५६० बाय १४४० वर हा आकडा ३६.९ लाखांवर जातो आणि फोरकेवर सुमारे ८३ लाखांवर. प्रत्येक फ्रेममध्ये यातला एकूण एक पिक्सेल कार्डाला रंगवावा लागतो. फोरके पडदा स्वस्तात मिळाला म्हणून उचललात, तर १०८०पीच्या चौपट काम पेलणारं कार्ड कुठून आणणार? कमी बजेटसाठी माझं मत स्पष्ट आहे: १०८०पी, साधारण २४ इंच, आणि जमल्यास १४४ हर्ट्झ. ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. माउस फिरवल्यावर हा फरक हाताला लगेच कळतो.

घरात ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि तोच वापरायचा असेल, तर तेही चालेल. मात्र मग दोनशे फ्रेम देणाऱ्या कार्डाच्या मागे लागू नका.

ग्राफिक्स कार्ड: इथे हात सैल सोडा

मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटचा ३५ ते ४५ टक्के हिस्सा मी कार्डासाठी बाजूला ठेवतो. गेमिंगच्या मशीनमध्ये हे प्रमाण योग्यच आहे. पण निम्म्याहून जास्त रक्कम कार्डाने गिळली, तर नाकापेक्षा मोती जड व्हायला लागतो. बाकी सगळं हलक्या दर्जाचं घ्यावं लागतं आणि महागडं कार्ड त्या गर्दीत वाया जातं.

आता बारीक अक्षरं. आरटीएक्स ३०५० घ्या. २०२२च्या जानेवारीत आलेल्या कार्डात ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस (मेमरी आणि चिप यांच्यातला रस्ता) आणि २५६० कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) होते. २०२४मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं कार्ड आलं. त्यात बस ९६ बिटची आणि कोअर २३०४. हे दुसरं कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते अवघ्या ७० वॅटवर चालतं, त्याला एसएमपीएसकडून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये बसवायला ते उत्तम. पण ८ जीबीवाल्याची चाचणी बघून ६ जीबीवालं घरी आणलंत, तर व्हिडिओत दिसलेले फ्रेम तुमच्या पडद्यावर दिसणार नाहीत.

आरएक्स ६५०० एक्सटीची गोष्ट वेगळी. त्यात मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ४ लेन. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते निभावतं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की डेटाची ये-जा त्याच अरुंद रस्त्याने करावी लागते. मग गेम अडखळतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे खेळता खेळता रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीमिंग करायचं तर तो बोजा प्रोसेसरवर. कमी बजेटवाल्यांचे बोर्ड बरेचदा जुने असतात, म्हणजे हे कार्ड नेमकं ज्यांच्या हाती पडणार त्यांच्याकडेच ते सर्वांत लंगडं ठरतं.

१०८०पीसाठी आज मी ८ जीबीच्या खाली उतरायला तयार नाही. आरएक्स ६६०० हे या वर्गातलं माझं आवडतं कार्ड आहे: ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच ८ पिनची वायर. २०२१चं असलं तरी अजून चांगलं काम देतं. १२ जीबीवालं आरटीएक्स ३०६० योग्य भावात मिळालं तर जड टेक्स्चर लावायला जास्त जागा मिळते. इंटेलच्या आर्क बी५८०मध्येही १२ जीबी आहेत, पण त्या कार्डांना रिसायझेबल बार नावाची (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी) सोय मदरबोर्डावर चालू असावीच लागते. ती नसेल तर वेग एवढा घसरतो की जुन्या बोर्डावर आर्क लावूच नये.

आणि जीटी ७१०, जीटी ७३० यांच्याकडे बघूही नका. ही कार्डं पडदा लावण्यासाठी आहेत, गेमसाठी नव्हेत. आज प्रोसेसरमध्येच येणारं चांगलं ग्राफिक्स त्यांना सहज मागे टाकतं.

प्रोसेसर: शेवटचं अक्षर वाचा

कमी बजेटमध्ये सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) एवढं पुरेसं आहे. एएमडीकडे रायझन ५ ५६०० आणि इंटेलकडे कोअर आय५-१२४००एफ ही या वर्गातली खात्रीची नावं. हात फारच आखडता घ्यावा लागला तर चार कोअर, आठ थ्रेडचा आय३-१२१००एफ अजूनही बराच खेळू देतो. नवे जड गेम मात्र त्याला घामाघूम करतात.

रायझन ५ ५६००, ५६००जी आणि ५५०० ही तीन नावं एकमेकांची भावंडं वाटतात. तिन्हींत कोअर सहाच. पण ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आणि चौथ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस आहे, तर बाकी दोघांत १६ एमबी कॅश आणि तिसरी पिढी. गेमना कॅश फार आवडते, म्हणून वेगळं कार्ड लावणार असाल तर ५६००. मग ५६००जी कुणासाठी? ज्याच्याकडे आज कार्डाचे पैसेच नाहीत त्याच्यासाठी, कारण त्याच्या आत कामचलाऊ ग्राफिक्स आहे. हलके गेम कमी सेटिंगवर खेळायचे आणि सहा महिन्यांनी कार्ड घ्यायचं, असा बेत असेल तर तो शहाणपणाचा आहे.

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असला तर आत ग्राफिक्स नाही. स्वस्त पडतो, पण कार्ड बिघडलं तर मशीनवर चित्रच येणार नाही, हे आधी माहीत असू द्या. के असेल तर ओव्हरक्लॉकिंगची (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायची) मुभा असते, आणि त्यासाठी झेड मालिकेचा महाग बोर्ड लागतो. नवख्याने त्या वाटेला जायची गरज नाही.

कूलर वेगळा घ्यावा का? ५६०० किंवा १२४००एफच्या खोक्यात येतो तो पुरतो. फक्त ट्रे म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर घेताना लक्ष ठेवा, त्याबरोबर कूलर मिळत नाही. स्वस्त पडला असं वाटतं आणि ती बचत कूलरमध्ये निघून जाते.

मदरबोर्ड आणि रॅम एकत्र ठरवा

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा, जुळला नाही तर पुढचं सगळं थांबतं. ५६००ला एएम४, १२४००एफला एलजीए १७००. एएम४वर रॅम नेहमी डीडीआर४, एएम५वर नेहमी डीडीआर५. एलजीए १७००च्या बोर्डांत दोन्ही प्रकार मिळतात, आणि तिथे गडबड होते. बोर्डाच्या नावात डी४ किंवा डीडीआर४ असं लिहिलंय का ते पाहा. चुकीची पट्टी त्या खाचेत बसतच नाही.

एएम४ की एएम५, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. एएम५ हा चालू सॉकेट आहे, म्हणजे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून पुढे जाता येईल. पण बोर्ड आणि डीडीआर५ मिळून जो जादा खर्च येतो, तो कार्डाच्या हिश्शातून कापावा लागणार असेल तर मी एएम४च घेईन. तुम्ही गेम आज खेळणार आहात.

बोर्डाच्या चिपसेटची (बोर्डावर काय काय चालेल ते ठरवणाऱ्या चिपची) बारीक अक्षरं थोडक्यात अशी. एएमडीच्या बी५५०वर कार्डाला चौथ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस मिळतो, ए५२०वर तिसऱ्या पिढीचा. इंटेलच्या एच६१०वर रॅमचा वेग ठरावीक मर्यादेपुढे वाढवता येत नाही, बी६६० आणि बी७६०वर येतो. बी४५०सारखा जुना बोर्ड घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा, यावर रायझन ५००० मालिका चालेल असं बायोस (बोर्ड सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलंय का? नसेल आणि तुमच्याकडे जुना प्रोसेसर नसेल, तर मशीन सुरूच होणार नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायची सोय असते. ती असेल तर निर्धास्त.

रॅम १६ जीबी, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्या. १६ची एकच पट्टी कधीच नको. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. ५६००जीसारखं आतलं ग्राफिक्स वापरणार असाल तर हे सर्वांत महत्त्वाचं, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

रॅमच्या पाकिटावर दोन आकडे असतात: वेग आणि सीएल. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, म्हणजे विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० सीएल१६ ची पट्टी १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ चीही १०. डीडीआर५ ६००० सीएल३० चीसुद्धा १०. म्हणजे नुसता मोठा आकडा पाहून भुलू नका. ३२०० सीएल२२ ची पट्टी स्वस्त दिसते, पण तिथे विलंब पावणेचौदाच्या घरात जातो. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच भडकले आहेत. म्हणून ३२ जीबीचा हट्ट आत्ता धरू नका, मात्र चार स्लॉटचा बोर्ड मिळत असेल तर तो घ्या.

साठवण

एक टीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी घ्या आणि पुढे चला. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसेल. कंपनी दहाच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढाच त्याचा अर्थ. सेकंदाला ३५०० एमबी आणि ७००० एमबी यांतला फरक गेम उघडताना जेमतेम जाणवतो, तेव्हा त्यासाठी जादा पैसे नकोत. इथलं बारीक अक्षर एकच: एम.२ हा नुसता आकार आहे. त्या आकारात साटा जातीचीही एसएसडी येते, तिचा वेग साधारण ५५० एमबीवर संपतो, आणि कित्येक बोर्डांच्या एम.२ स्लॉटमध्ये ती ओळखलीच जात नाही. पाकिटावर एनव्हीएमई हा शब्द हवा.

एसएमपीएस: इथे काटकसर करू नका

माझ्या पहिल्या मशीनमध्ये खोक्यावर ५०० वॅट छापलेला एक स्वस्त एसएमपीएस होता. नेटवर बसलो, पिक्चर पाहिला तरी काही होत नसे. जड गेम लावला की दहा मिनिटांत सगळं एकदम बंद. मला वाटलं कार्ड खराब आहे. ड्रायव्हर बदलले, विंडोज दोनदा नव्याने टाकलं, तीन आठवडे त्यात गेले. शेवटी मित्राचा एसएमपीएस लावला आणि त्या रात्री मशीन एकदाही बंद पडलं नाही. जुन्याच्या बाजूचं लेबल मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

ते लेबल असं वाचायचं. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या रेलवरून (एसएमपीएसमधल्या १२ व्होल्टच्या वाटेवरून) घेतात. लेबलवर त्या रेलचे अँपिअर लिहिलेले असतात, त्यांना १२ ने गुणा. १२ व्होल्टवर २५ अँपिअर असतील तर कामाची वीज फक्त ३०० वॅट, खोक्यावर ५०० असो नाहीतर ६००. प्रामाणिक ५५० वॅटच्या युनिटमध्ये हा गुणाकार खोक्यावरच्या आकड्याच्या जवळ जातो.

८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढं सांगतो. ब्राँझ म्हणजे ११५ व्होल्टवर, निम्म्या भाराला किमान ८५ टक्के कार्यक्षमता. आतले कपॅसिटर किती टिकाऊ आहेत किंवा शॉर्ट झाल्यावर युनिट स्वतःहून बंद होईल का, हे त्या शिक्क्यात नाही. त्यासाठी युनिट उघडून तपासलेली परीक्षणं वाचा, आणि हमी पाच वर्षांची असेल तर ते चांगलं लक्षण धरा.

किती वॅट हवेत? ५६०० आणि आरएक्स ६६०० ची जोडी पूर्ण भारावरही ३०० वॅटच्या आत राहते. चांगला ५५० वॅटचा युनिट पुरून उरतो आणि पुढच्या कार्डालाही जागा ठेवतो. ७५० वॅटचा हलका माल घेण्यापेक्षा ५५० चा खरा माल घ्यावा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा, कारण इथे भाग जळतात. मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. वायरचं तोंड बसतं, पण युनिटच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि एसएसडीपासून बोर्डापर्यंत काहीही जाऊ शकतं. आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर व कार्डाची ८ पिनची वायर एकच नव्हेत. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा.

कॅबिनेट

समोर जाळी हवी. काचेच्या बंद तोंडाचं कॅबिनेट दिसायला देखणं, पण आतली गरम हवा आतच फिरत राहते. कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि बोर्डाचा आकार कॅबिनेटच्या मापांशी ताडून पाहा. समोरून हवा घेणारा एक आणि मागून टाकणारा एक, असे दोन पंखे बास. रंगीत दिव्यांचे पैसे रॅममध्ये घाला.

वापरलेला माल

प्रोसेसर आणि रॅम वापरलेले घ्यायला मी घाबरत नाही, ते सहसा बिघडत नाहीत. एएम४ प्रोसेसरच्या पिना मात्र तिरप्या प्रकाशात धरून बघा. त्या प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि सहज वाकतात. एलजीएमध्ये त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे बोर्ड तपासा. ग्राफिक्स कार्ड घेताना तुमच्यासमोर वीस मिनिटं जड गेम चालवून दाखवायला सांगा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का आणि पंखा खरखरतो का ते पाहा. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क वापरलेली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. मोठ्या कंपन्यांचे जुने ऑफिस डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड टाकायचा बेत असेल तर आधी आतला एसएमपीएस पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो वेगळ्याच जोडणीचा असतो आणि बाजारातला साधा युनिट तिथे बसत नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर

मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाच्या मागच्या पोर्टला नाही. रॅमच्या दोन पट्ट्या बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, डीडीआर५ असेल तर त्याचं नाव एक्स्पोही असू शकतं. हे न केल्यास ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वरच चालत राहते आणि कुणी काही सांगतही नाही. रिसायझेबल बार तिथेच चालू करा. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, तेही बायोसमध्येच असतं. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली असल्याने नव्या मशीनवर ती टाकण्यात अर्थ नाही. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून १४४ वर आणा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारी माणसं मी पाहिली आहेत.

पहिल्या आठवड्यात मशीन मुद्दाम राबवा. रात्रभर मेमरीची चाचणी, तासभर जड गेम, आणि तापमानाची नोंद. खोकी, बिलं, थर्मोकोल काहीही फेकू नका. भागात खोट असेल तर ती बहुधा याच दिवसांत वर येते, आणि परत करायची मुदत तेव्हा अजून चालू असते.